हॉकीच्या साहित्यावरचे भरतकाम उसवताना: आमची वाटचाल

सुरुवातीची काही वर्षे आम्ही हॉकी संघांच्या जर्सी, हातमोजे आणि किट बॅगा यांवर खेळाडूंची नावे व प्रायोजकांची बोधचिन्हे यंत्रावर भरून देत होतो. पुढे तेच संघ जुने साहित्य घेऊन परत येऊ लागले. कधी प्रायोजक बदललेला असे, कधी संघ सोडून गेलेल्या खेळाडूचे हातमोजे नव्या मुलाला द्यायचे असत, तर कधी कोणी आइस हॉकीच्या व्यावसायिक खेळाडूने वापरलेली पँट विकत घेतलेली असे आणि तिच्यावर मूळ मालकाचे आडनाव असे. धडधाकट साहित्य केवळ एका नावापायी पडून राहावे, हे आमच्या मनाला पटेना, आणि त्यातून उसवण्याचे काम आम्ही हाती घेतले.

पहिली जर्सी आमच्या हातून फाटली. आम्ही सुलट बाजूने, दिसणाऱ्या टाक्यांवरच पाते चालवले, आणि टाके इतके दाट होते की पाते धाग्याखालच्या कापडात केव्हा शिरले ते कळलेही नाही. त्या खेळाडूला आम्ही नवी जर्सी दिली. भरीव टाक्यांच्या दोन ओळींत साधारण ०.४ मिलिमीटरचेच अंतर असते आणि त्यांच्याखाली आधाराच्या टाक्यांचा आणखी एक थर असतो, हे भरतकाम करणाऱ्या आम्हाला ठाऊक होते. तरीही उसवताना त्याचा विचार आम्ही केला नव्हता.

तेव्हापासून आम्ही उलट बाजूने काम करतो. वरचा रंगीत धागा बॉबिनच्या, म्हणजे यंत्राच्या खालच्या छोट्या रिळाच्या, धाग्यात अडकलेला असतो, आणि अक्षराच्या मागे मधोमध या बॉबिनच्या धाग्याची पांढरी पट्टी दिसते. न्हाव्याच्या केस कापण्याच्या यंत्रासारखे एक छोटे यंत्र त्या पट्टीवरून हलकेच फिरवले, की बॉबिनचे धागे तुटतात आणि सुलट बाजूचा धागा चिमट्याने अलगद निघतो. मागे लावलेला आधाराचा कागद किंवा कापड यंत्राचे पाते आणि जर्सी यांच्यामध्ये राहते, म्हणून ते आम्ही सर्वांत शेवटी काढतो.

हातमोज्यांनी मात्र आम्हाला खरी मेहनत शिकवली. मनगटावरच्या नावाच्या मागे फोम आणि अस्तर असल्यामुळे उलट बाजू हाती लागतच नाही. अस्तराची शिवण एका कडेने उसवून, फोम बाजूला सारून, नाव काढून झाल्यावर तीच शिवण शक्यतो जुन्याच छिद्रांतून हाताने पुन्हा घालावी लागते, कारण नवी छिद्रे पाडली तर कड कमकुवत होते. या कामात घाई करणाऱ्याला आम्ही हातमोज्यांना हात लावू देत नाही. चिकटवून शिवलेली कापडी अक्षरे त्या मानाने लवकर निघतात. त्यांच्याखालचा गोंद तेवढा चिवट असतो.

नाव निघाल्यावर काय उरेल, ते कापडावर अवलंबून असते. विणलेल्या जर्सीचे धागे सुईने बाजूला सरकलेले असतात. वाफ देऊन बोटाने उभे-आडवे चोळले की ते बरेचसे जागेवर येतात. इस्त्री मात्र आम्ही टेकवत नाही, कारण पॉलिस्टर साधारण २५५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळत असले तरी दाबाची चकाकी त्याच्या कितीतरी आधी येते. कृत्रिम चामडे आणि आतून लेप दिलेले बॅगेचे कापड यांतली छिद्रे कायमची असतात. उन्हाने विटलेल्या जर्सीवर तर टाक्यांखालचा मूळ रंग उघडा पडून नाव पुन्हा वाचता येते. अशा वेळी आम्ही उसवणे टाळून त्यावर मोठे ठिगळ किंवा नवे नाव घालण्याचा सल्ला देतो.

सामन्यात वापरलेले म्हणून जपायचे साहित्य असेल, तर नाव राहू द्यावे असे आम्ही आग्रहाने सांगतो. तीच त्याची ओळख असते. नाव काढणे म्हणजे मालकाची खूण पुसणे, हेही आम्ही विसरत नाही. म्हणून साहित्य कोणाकडून आले हे विचारल्याशिवाय आणि आधीचे छायाचित्र काढून ठेवल्याशिवाय आम्ही एकही टाका तोडत नाही. उत्तर समाधानकारक नसेल, तर साहित्य परत करतो.