एका हंगामावर काय ठरवायचं?

पहिल्या वर्षी मी अर्ध्या रानात बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी काढून, सोयाबीन घेतलं आणि अर्धं सपाटच ठेवलं, तर मळणीला दोन्हीकडं माल जवळपास सारखाच निघाला. दादा म्हणाले, "मग एवढा खटाटोप कशाला केलास?" त्या वर्षी पाऊसच असा बेताबेतानं पडत गेला की कशालाही साधलं असतं. पुढच्या सप्टेंबरात मात्र चार दिवस झड लागली, सपाट रान पार चिभडलं, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत चिखल, पानं पिवळी, आणि इकडं सरीतून गढूळ पाणी निवांत ढाळाकडं चाललंय अन् वरंब्यावरचं पीक हिरवंगार.

म्हणून मला पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेतला प्रयोग फार मोलाचा वाटतो. हैदराबादजवळ, आपल्यासारखीच काळी भारी जमीन, आणि १९७६ पासून दोन पद्धतींची तुलना चालू. एकीकडं जुनी रीत, म्हणजे खरिपात रान मोकळं ठेवायचं आणि रब्बीला ज्वारी नाहीतर हरभरा. दुसरीकडं रुंद वरंबा-सरी, पावसाआधी धूळपेरणी, ज्वारीत किंवा मक्यात तूर, मोजून खत, बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प. कित्येक वर्षांची सरासरी बघितली तर जुन्या रीतीत हेक्टरी १ टनाच्या आसपास धान्य आणि सुधारितमध्ये ५ टनांच्या आसपास! वाहून जाणारी मातीही कितीतरी कमी झाली.

आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे पालापाचोळा-मुळं कुजून मातीत मुरलेला कस, वाढला, हे मला उत्पन्नापेक्षाही मोठं वाटतं, कारण कर्ब इतका हळू हलतो की दोन-तीन वर्षांच्या प्रोजेक्टात तो हाती लागतच नाही, आणि पावसाच्या खंडात ओल धरून ठेवायला तोच कामी येतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही १९८८ पासून ज्वारी-गहू त्याच त्याच प्लॉटवर चालू आहे, नुसतं नत्र देत राहिलं तर जमीन कशी थकते आणि खतासोबत शेणखत दिलं तर ती कशी टिकते हे तिथं दिसतं. असे प्रयोग निधीअभावी मधेच बंद पडता कामा नयेत, एकदा प्लॉट मोडला की गेलेली वर्षं कुठून आणणार?

मी यंदा वरंबे मोडले नाहीत, आहे तिथंच हरभरा टोकलाय. मातीचा नमुना दरवर्षी त्याच लिंबाच्या झाडापासून वीस पावलांवर घेतो. आणि खटाटोप म्हणणारे दादा आता रोज सकाळी पर्जन्यमापक बघून वहीत पाऊस लिहितात, मी गावाला गेलो तरी.