मोर बसतो कुठे?

'इथे इथे बस रे मोरा' छापलेलं बडबडगीतांचं पुस्तक उघडलं की बहुतेक वेळा पानभर मोर दिसतो. पिसारा फुलवलेला, मागे डोंगर, वर ढग. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हे माझं काम आहे आणि या मोराबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचं होतं.

कारण हे गाणं घरात म्हटलं जातं तेव्हा मोर तिथे नसतोच. बाळाची मूठ हळूच उघडायची, तळहाताच्या मधोमध आपलं बोट टेकवत टेकवत 'इथे इथे' म्हणायचं. मग चारा, मग पाणी, आणि 'भुर्र'ला हात वर. काही घरांत बोटं दंडावरून पळत काखेपर्यंत जातात. बाळाला पुढचं ठाऊक असतं, म्हणून ते 'पाणी पी'लाच अंग चोरून हसायला लागतं. गाण्यातली सगळी गंमत त्या तळहातावर आहे. पानावर भलामोठा मोर आला की तळहात गेला, बोट गेलं, समोर बसलेली आजीही गेली. मोर दाखवायलाच हवा, पण तो पक्ष्यांच्या पुस्तकात.

मी या गाण्याला काढलेल्या चित्रात पानभर फक्त एक हात आहे. गुबगुबीत, मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी पडलेला. त्यावर टेकलेलं म्हाताऱ्या माणसाचं बोट, नखाच्या कडेला हळदीचा पिवळा डाग. तो डाग जलरंगात साधायला जितका वेळ लागला तितका अख्ख्या हाताला लागला नाही. हळद नखाच्या कोपऱ्यात जास्त साठते आणि मधे फिकी असते. सपाट पिवळा दिला की नेलपॉलिश वाटतं. मुलं या पानापाशी आली की पुस्तकातल्या तळहातावर आपलं बोट टेकवतात. मला नेमकं तेवढंच हवं होतं.

आपली जुनी बडबडगीतं जवळपास सगळीच अशी अंगाशी बांधलेली आहेत. 'अडगुलं मडगुलं' बाळाला तीट लावताना, 'आपडी थापडी' टाळ्या वाजवत, 'चांदोमामा' कडेवर घेऊन खिडकीशी उभं राहून. चित्रकाराने त्यातली फक्त नामं वेचली, म्हणजे कडगुलं, पापडी, चंद्र, की हाती तक्ता येतो, कविता येत नाही. 'अडगुलं'चं चित्र म्हणजे माझ्या मते काजळाच्या डबीत बुडवलेलं आईचं बोट आणि मान फिरवून पळू पाहणारं बाळ.

'ये रे ये रे पावसा'चं तर पान कुठे उलटायचं हाच मुख्य प्रश्न आहे. 'पैसा झाला खोटा' उजव्या पानाच्या शेवटी यायला हवं. दारात उभी मुलगी, मुठीत नाणं, अंगण कोरडं. पान उलटलं की 'पाऊस आला मोठा' आणि समोरासमोरची दोन्ही पानं चिंब. ही ओळ त्याच पानावर खाली छापली तर वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचा तो श्वास रोखण्याचा क्षण जातो. आणि मुलं पान उलटायला कशी धावतात! अर्थात सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांत, एका गाण्याला चार पानं द्यायची म्हटलं की प्रकाशक कपाळाला हात लावतात, तेही समजण्यासारखं आहे. तरीही मी भांडते. गाणी दोन कमी चालतील.

मुलाच्या अंगापासून, हातापासून सुरुवात करायची ही काही माझी एकटीची कल्पना नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे 1945 साली ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर केलं. महागड्या साधनांवर न अडता त्यांनी खडे, बिया, शिंपले, पानं असं मुलांच्या परिसरातलंच सामान वापरलं. वारली पाड्यावरच्या मुलाच्या हाताला जे सहज लागतं तेच त्याचं शिकण्याचं साहित्य. चित्र काढताना मीही हेच विचारते: यातलं मुलाच्या हाताला काय लागतं? त्याच्या उंचीवरून काय दिसतं?

उंचीचं फार महत्त्व आहे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडी चालते. तिथल्या ताईंच्या परवानगीने मी मधूनमधून कोपऱ्यात वही घेऊन बसते. 'आज घरी काय मज्जा झाली?' असं विचारलं की उत्तरं अशी येतात: दूध उतू गेलं. बाबांनी गाडीवर पुढे बसवलं. आजोबांची कवळी ग्लासात होती. मिक्सर लावला. दूध उतू जाणं ही मज्जा आहे, हे मोठ्या माणसाला कधी सुचणार? पण ओट्याच्या खाली उभं राहून पाहा. वर काहीतरी फसफसतं, आई 'अगं बाई' म्हणत धावते, ओट्याच्या कडेवरून पांढरा ओघळ खाली येतो. याहून मोठा देखावा दिवसभरात दुसरा नाही.

माझी एक मैत्रीण कविता लिहिते. सध्या आम्ही दोघी मिळून घरातल्या अशा गमतींचं एक छोटं पुस्तक करतोय. त्यातली ही तिची कविता तिला विचारूनच इथे देते:

कुकरच्या पोटात दोन मजली घर,
डाळ राहते खाली, भात राहतो वर.
शिट्टी झाली एक, शिट्टी झाली दोन,
तिसरी शिट्टी ऐकायला आधी येतं कोण?

पहिल्यांदा वाटलं, कुकर कापून आतले दोन डबे दाखवावेत. मुलांना आतलं बघायला आवडतंही. पण कवितेने ते घर शब्दांत बांधून दिलं आहे; मी आतलं काढलं तर मुलाच्या डोक्यात उभं राहणारं घर मोडतं. म्हणून चित्रात कुकर नीटसा दिसतच नाही. खालून दिसणारी ओट्याची कडप्प्याची कड, त्याबाहेर आलेला कुकरचा काळा दांडा आणि छतापर्यंत गेलेली वाफ, बस्स. खाली दारातून धावत येणारे पाय: एक पैंजणाचा, एक मोज्याचा, एक मांजराचा.

आणि 'कोण'चं उत्तर कवितेत नाही, ते आम्ही पुढच्या बिनशब्दांच्या पानावर ठेवलं. आजोबा ताट मांडून, लोणच्याची बरणी उघडून, केव्हाचे येऊन बसलेत. बालवाडीत कच्ची पानं दाखवली तर मुलं 'आजोबाआआ' म्हणून ओरडली आणि एकीने बजावून सांगितलं की तिच्याकडे आजी आधी येते. मैत्रीण लगेच म्हणाली, मग पुढच्या आवृत्तीत आजी. मला हे दोघींचं म्हणणं अगदी पटलं.

चित्र आणि कविता यांचं नातं मला असं आवडतं. कविता विचारते, चित्र सांगतं. कधी कविता सांगते आणि चित्र गप्प बसतं. दोघं एकच गोष्ट एकाच वेळी सांगू लागले की मूल दुसऱ्याच वाचनाला पुस्तकापासून उठतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुस्तकात शेवटची चार पानं जुन्या बडबडगीतांसाठी राखली आहेत. त्यासाठी मला गाण्यांचे शब्द नकोत, ते बरेच मिळतात. मला त्यांच्या कृती हव्या आहेत. तुमच्याकडे मालवणात, खानदेशात, वऱ्हाडात, बेळगावात 'मोरा'ला बोट कुठे टेकवतात, 'भुर्र'ला हात कुठे जातो, बाळ मांडीवर असतं की पायांवर, पालथं की उताणं, म्हणणारी व्यक्ती समोर बसते की मागे, हे सगळं सांगा. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एकदा करून दाखवायला सांगा आणि त्यांच्या हातांकडे नीट बघून मग लिहा. शब्द विसरलेल्या माणसालाही कृती आठवतात.