२९ ऑगस्ट, आमचे सर आणि बेंचवरची पोरं

दरवर्षी २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, आमच्या कॉलेजच्या हॉकीवाल्यांचं गेट-टुगेदर असतं, ग्राउंडवरच, पाऊस असो नसो. फोटोला हार, दीपप्रज्वलन, प्राचार्यांचे दोन शब्द (वीस मिनिटं), शाल-श्रीफळ, ते सगळं सगळीकडे होतं तसंच. मग जुने विरुद्ध नवे अशी मॅच, त्यात जुने लोक पहिल्या क्वार्टरलाच कमरेवर हात ठेवून उभे. खरे सगळे थांबलेले असतात सरांच्या, म्हणजे आमच्या हॉकी कोचच्या, भाषणासाठी.

सर पटियालाहून एनआयएस (कोचिंगचा कोर्स) करून कॉलेजला लागले तेव्हा आमचं ग्राउंड म्हणजे नुसता मुरूम. सकाळी आधी दगड वेचायचे, मग फक्की मारायची, मग स्टिकला हात. आणि समोर कोण, तर खडकीची पोरं! धनराज पिल्लेचं खडकी, तिथे चालता येण्याआधी स्टिक हातात येते, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा धरलेली. पहिली काही वर्षं धुलाईच झाली. सर ओरडायचे नाहीत, स्कोअर पण विचारायचे नाहीत, फक्त कोण बॉल गेल्यावर मागे पळत आला आणि कोण उभा राहिला तेवढं सांगायचे.

पिंपरीत नेहरूनगरचं पॉलिग्रास, म्हणजे कृत्रिम गवताचं टर्फ, झाल्यावर सर टेम्पो करून तिकडे न्यायला लागले, कारण १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी टर्फवर गेलेली आणि मुरमावर खेळलेल्या पोराला बॉल उडेल म्हणून खाली बघत बसायची सवय लागते, टर्फवर तोवर समोरचा बॉल घेऊन गेलेला असतो. ती सवय मोडताना सरांचा जीव गेला. पुढे नियम बदलत गेले, ऑफसाइड गेला, सेल्फ पास (फ्री हिट स्वतःच घेऊन पळायची) आला, पस्तीस मिनिटांचे हाफ जाऊन चार क्वार्टर झाले, सर दरवेळी नव्याने शिकून शिकवायचे. मुलींची टीम काढली तेव्हा तर घरोघरी जाऊन आयांना समजावलं, १९८२ च्या दिल्ली एशियाडला गोल्ड आणलेल्या टीमची कॅप्टन एलिझा नेल्सन आपल्या पुण्याचीच, असं सांगून. त्या मुली आता स्वतःच्या मुलींना घेऊन येतात, आणि वेळेवर येतात हे मुद्दाम लिहितोय.

तर भाषण. सर जिंकलेल्या मॅचवर बोलतच नाहीत. दरवर्षी एक बॅच घेतात आणि त्यातल्या राखीव पोराला उभं करतात. एकदा असाच एकजण उभा केला, तीन वर्षांत मैदानात जेमतेम उतरलेला. सर म्हणाले, हा बाहेर बसून समोरच्यांचा शॉर्ट कॉर्नर (गोलजवळ फाउल झाला की मिळतो तो) बघायचा, पुश करणारा पाय कसा टाकतो त्यावरून बॉल कुठल्या बाजूला येणार ते हाफ टाइमला येऊन सांगायचा, नाव झालं गोलीचं (गोलकीपरचं), निम्मे गोल वाचवले ह्याने. तो माणूस आता आजोबा झालाय, नातू शेजारी बसलेला, आणि हा मान खाली घालून बुटाची लेस सोडून परत बांधत होता. मी अशा वेळी पाणी प्यायला उठतो. सगळ्यांना माहितीय कशाला उठतो ते.

२०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताने जर्मनीला ५-४ हरवून ब्राँझ आलं, मॉस्कोच्या गोल्डनंतर ४१ वर्षांनी, आणि कोरोनामुळे आमचं गेट-टुगेदर झूमवर. वाटलं आता तरी सर ह्यावर बोलतील. आधी पाच मिनिटं म्यूटवरच बोलले, सगळे ‘सर, माइक, माइक’, मग आवाज आला तो असा, ‘आपल्या गोली श्रीजेशने शेवटचा कॉर्नर अडवला, चांगलं झालं. आपल्या कॉलेजचा दुसरा गोली कुठाय? कॅमेरा लाव रे.’ संपलं टोकियो.

आता थोडं वाईट वाटणारं. ज्या बॅचने ट्रॉफी आणली, ज्यांना स्पोर्ट्स कोट्यातून नोकऱ्या लागल्या, ते पार्किंग नाही म्हणून येत नाहीत, ग्रुपवर अंगठा टाकतात. आणि बेंचवरचे रात्रीची एसटी पकडून सोलापूरहून येतात. सर काही म्हणत नाहीत, पण गेटकडे बघत असतात, मला दिसतं.

मदत करणाऱ्यांची नावं लिहीत नाही, एक राहिलं की वर्षभर ऐकायला लागतं. पण फक्की मारणारे मामा, रिटायर झाले तरी आदल्या संध्याकाळी येतात. कँटीनच्या मावशी, दोनशे वडे आणि वर पैसे घ्यायला भांडण. मांडववाला, माइकवाला, जुने फोटो लॅमिनेट करून देणारा, रक्तदाबाचं मशीन घेऊन मॅचभर टचलाइनवर बसणारी आमची डॉक्टर (लेफ्ट आऊटला खेळायची), सरांना घरून आणणारा रिक्षावाला (तोही आपलाच, राईट हाफला खेळायचा), आणि सरांच्या मिसेस, म्हणजे काकू, ज्यांनी इतकी वर्षं आमचे चिखलाचे बूट दारात सहन केले. ताडपत्री कुणी दिली ते आत्ता आठवलं, शेजारच्या शाळेच्या शिपायांनी. आणि ती अजून आमच्याकडेच आहे, कुणीतरी नेऊन द्या रे.