रस्त्याखालच्या पुण्याचे प्रारूप

पुण्यातल्या कोणत्याही जुन्या पेठेतला रस्ता खोदायला घेतला की जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटार, विजेची केबल, गॅसची नळी आणि ऑप्टिकल फायबर एकाच अरुंद पट्ट्यात सापडतात. आणि त्यांतल्या प्रत्येकीची नोंद मात्र वेगळ्या विभागाकडे किंवा वेगळ्या कंपनीकडे असते. स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात २०१९ मध्ये जुने, पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेले बोगदे अचानक उघडे पडले, तेव्हा साऱ्या शहराला आश्चर्य वाटले. ज्या शहरात पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून भुयारी मार्गाने पाणी आणले गेले आणि त्या मार्गावरचे काही उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली बांधकामे, आजही दिसतात, तिथे असे काही सापडणे खरे तर अपेक्षितच होते. स्थापत्य अभियंता म्हणून रस्ते आणि मलनिःसारणाच्या आराखड्यांवर काम करताना माझे मत पक्के होत गेले आहे की, महापालिकेला डिजिटल प्रारूपाची सर्वाधिक गरज जमिनीवरच्या देखण्या पुलांपेक्षा जमिनीखालच्या या गुंत्यासाठी आहे.

प्रारूप म्हणजे केवळ त्रिमितीय चित्र नव्हे. ‘बिम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक नळी ही स्वतंत्र नोंद असते आणि तिच्यासोबत व्यास, साहित्य, टाकल्याचे वर्ष, तळपातळी (नळीच्या आतल्या तळाची उंची) आणि मालकी ही माहिती जोडलेली असते. महामेट्रोने नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोसाठी या प्रारूपाला वेळ आणि खर्च जोडून ‘फाइव्ह-डी बिम’ वापरले. परंतु मेट्रो हा एका संस्थेचा, एका मार्गाचा प्रकल्प आहे. महापालिकेची कामे असंख्य लहान निविदांमध्ये विखुरलेली असतात, ठेकेदार बदलतात, अभियंत्यांच्या बदल्या होतात. त्यामुळे मेट्रोची पद्धत जशीच्या तशी उचलून येथे चालणार नाही.

प्रारूपाचा खरा उपयोग कुठे होतो, ते मलवाहिनीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जलवाहिनीत पाणी दाबाखाली वाहते, म्हणून अडथळा आला तर ती थोडी वर-खाली वळवता येते. मलवाहिनी उतारावर चालते. मधे एखादी केबलची डक्ट आली म्हणून ती उचलली, तर मागच्या साऱ्या टप्प्याचा उतार बिघडतो आणि काही महिन्यांत चेंबर तुंबू लागतात. हा छेद कागदावरच्या दोन वेगवेगळ्या नकाशांत दिसत नाही, कारण दोन्हींत आडवे अंतर असते आणि खोली बहुधा नसते. प्रारूपात तो चर खणण्यापूर्वीच दिसतो, आणि कोणाला सरकवायचे हा निर्णय रस्त्यावर जेसीबी उभा असताना घाईने घ्यावा लागत नाही.

मात्र प्रारूपातली नळी खरोखर तिथेच आहे, हे कशावरून मानायचे? अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २००२ मध्ये यासाठी चार दर्जांची पद्धत घालून दिली आणि मला ती अत्यंत प्रामाणिक वाटते. केवळ जुन्या कागदांवरून घेतलेली नोंद ‘ड’ दर्जाची. चेंबरची झाकणे, व्हॉल्व्ह अशा वर दिसणाऱ्या खुणांशी जुळवलेली ‘क’. रडार किंवा तत्सम उपकरणाने शोधलेली ‘ब’. आणि प्रत्यक्ष खड्डा घेऊन, नळी उघडी करून मोजलेली ‘अ’. आपल्याकडे तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण भूभेदी रडारचे संकेत ओल्या काळ्या मातीत लवकर क्षीण होतात आणि खालचे चित्र धूसर येते. म्हणून चाचणी खड्ड्यांना पर्याय नाही. पडद्यावर सगळ्या नळ्या सारख्याच ठळक दिसू लागल्या की अंदाजालाही वस्तुस्थितीचे रूप येते. प्रत्येक नळीवर तिचा दर्जा रंगाने दाखवण्याचा आग्रह मी म्हणूनच धरतो.

पातळ्यांबाबतही तेवढीच शिस्त हवी. उपग्रहाधारित यंत्र मुळात जी उंची देते, ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत पुण्यात साठ मीटरहून अधिक फरक असतो. एका सल्लागाराने उंची मोजण्यासाठी एक संदर्भ घेतला आणि दुसऱ्याने जवळच्या इमारतीच्या जोत्यावरची तात्पुरती खूण, तर दोन प्रारूपे कधीच जुळणार नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अनेकांचे प्राण गेले. ओढ्याचा तळ, मोऱ्यांची उंची आणि काठावरच्या वस्त्यांची जोती हे सगळे एकाच संदर्भात मोजलेले असल्याशिवाय पाणी कुठे चढेल याचे गणित विश्वासाने मांडता येत नाही.

हे सारे शेवटी निविदेतल्या अटींवर येऊन थांबते. पूर्वगणनपत्रकात, म्हणजे कामाच्या खर्चाच्या अंदाजात, प्रारूपासाठी वेगळी बाब असावी, तिचे मोजमाप ठरलेले असावे आणि काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिन्यांचे प्रारूप स्वीकारले जाईपर्यंत अंतिम देयक अदा होऊ नये. ते ‘आयएफसी’सारख्या खुल्या स्वरूपात घ्यावे, म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना संपला किंवा सल्लागार बदलला तरी माहिती महापालिकेच्या हाती राहील. काही लाखांच्या गल्लीतल्या कामाला संपूर्ण बिमचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. तिथे अचूक अक्षांश-रेखांश, तळपातळी आणि छायाचित्र एवढी नोंद पुरेशी आहे, फक्त ती शहराच्या एकाच नकाशात गेली पाहिजे.

सुरुवात समाविष्ट गावांपासून करावी, असे मला वाटते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. जिथे मलवाहिन्या नव्यानेच टाकायच्या आहेत, तिथे चर उघडा असताना कनिष्ठ अभियंत्याच्या उपस्थितीत प्रत्येक चेंबरची आणि वळणाची मोजणी करून घेतली, तर ‘अ’ दर्जाची नोंद जवळजवळ कोणत्याही जादा खोदाईविना मिळते. चर बुजवल्यानंतर तीच माहिती मिळवायला पुन्हा रस्ता फोडावा लागतो, आणि त्याचा खर्च करदात्यालाच दुसऱ्यांदा सोसावा लागतो.