ब्लोअर बसला ५ दिवसांत, सही मिळायला २६ दिवस

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेली. आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी विजेवरची इंडक्शन फर्नेस बसवली, आम्ही अजून कपोलावरच आहे, म्हणजे कोकवर लोखंड वितळवायची उभी भट्टी, तासाला ३ टनाची. भट्टीला हवा देणारा जुना ब्लोअर २० वर्षांच्या वर चालला आणि या पावसाळ्यात त्यानं मान टाकली. बंद नाही पडला, पण इम्पेलरची, म्हणजे हवा फेकणाऱ्या चाकाची पाती झिजून हवा इतकी कमी झाली की हीट (भट्टीची एक पाळी) लांबायला लागली, लोखंड थंड उतरायला लागलं, पातळ कास्टिंगला रोज मिसरन, म्हणजे साचा पूर्ण भरायच्या आधीच लोखंड थिजायचं. शेवटी नवा घेतला. २० एचपीचा सेंट्रिफ्युगल, बेल्टवर चालणारा.

ब्लोअर चांगलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो सुरू करायला सप्लायरची जी एक सही लागत होती तिच्यापायी २६ दिवस गेले, गणपती बसायच्या आदल्या दिवशी मशीन तयार होतं आणि सही झाली घटस्थापनेच्या तोंडावर, आणि ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

बसवायचं काम सरळ झालं. काँक्रीटचा ब्लॉक मशीन यायच्या आधीच ओतून ठेवला होता, मशीनच्या वजनाच्या तिप्पट वजन धरून, पाणी मारून चांगला पिकवला. मग बेसफ्रेम ठेवली, लेव्हल बघितली, फौंडेशन बोल्ट ग्राउट केले, म्हणजे भोवतीची पोकळी सिमेंटनं भरली, मोटर चढवली, पुली दोरी धरून एका रेषेत आणल्या. फॅब्रिकेटरनं नवा डक्ट, म्हणजे हवेचा पाइप, जुन्या मेन लाइनला जोडून दिला. ५ दिवस.

आता सही. वॉरंटी कार्डवर छापलं होतं की कमिशनिंग, म्हणजे तपासून पहिल्यांदा चालू करणं, त्यांच्याच इंजिनिअरकडून व्हायला पाहिजे, त्यांच्या सहीचा रिपोर्ट नसेल तर वॉरंटी नाही. आणि इंजिनिअर यायच्या आधी आपण एक चेकलिस्ट भरून पाठवायची, ३४ मुद्द्यांची, प्रत्येक मुद्द्याचा फोटो. मी त्याच रात्री भरून पाठवली. ४ दिवसांनी उत्तर आलं, ग्राउटिंगचा फोटो स्पष्ट नाही, परत पाठवा. पाठवला. मग गणपतीची सुट्टी. मग उत्तर आलं की अर्थिंगची रीडिंग फॉर्मवर लिहिली आहे पण मीटरचा फोटो नाही. तोही पाठवला. तिसऱ्यांदा कंपनीचा शिक्का पानाच्या खाली पाहिजे होता, मी वर मारला होता. तिसऱ्यांदा अख्खा फॉर्म परत भरला. फोन केला की बाई सांगायच्या, सर, तुमचं तिकीट प्रोसेसमध्ये आहे. इकडं जुना ब्लोअर घरघर करतोय, रोज ५-६ जॉब स्क्रॅपला जातायत, कस्टमर विचारतोय माल कधी, आणि नवाकोरा ब्लोअर ४ फुटांवर प्लास्टिक गुंडाळून उभा. पोटात तुटायचं बघून.

अठराव्या दिवशी इंजिनिअर आला. तरुण पोरगा, वागायला चांगला, पण घाईत, त्याला त्याच दिवशी इचलकरंजीला दुसरी साइट होती. मशीन चालू केलं, व्हायब्रेशन मीटर बेअरिंगवर लावला. ९.२ मिलिमीटर प्रति सेकंद. मॅन्युअलमध्ये लिमिट ४.५. त्यानं दोनदा बघितलं, बंद करायला सांगितलं आणि रिपोर्टवर लिहिलं, फौंडेशन अपुरं आहे, पार्टीनं दुरुस्त करून पुन्हा कळवावं. मी म्हटलं साहेब, ब्लॉकचं ड्रॉइंग तुम्हीच पाठवलेलं, तंतोतंत तसाच ओतलाय. तो म्हणाला मग ग्राउटिंगमध्ये पोकळी असेल. सही नाही. पुढच्या व्हिजिटचे पैसे वेगळे.

त्या रात्री झोप लागली नाही. ब्लॉक फोडायचा म्हणजे मशीन उतरवा, ब्रेकर लावा, परत ओता, परत पिकू द्या, म्हणजे दसरासुद्धा गेला. खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक मशीनची पूजा असते, वडिलांचा आग्रह होता की नवा ब्लोअर त्या दिवशी चालू पाहिजे.

आमच्याकडं जुने फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा सकाळी मशीनभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "मालक, फौंडेशनला हात लावू नगासा. हितं डक्ट मशीनला वडालाय." मला आधी पटलं नाही. म्हणाले रविवारी भट्टी बंद असती, तेव्हा दाखवतो.

रविवारी आधी भट्टीची सगळी पीपहोल (आत बघायची झाकणाची भोकं) उघडली, मेन स्विच पाडून कुलूप लावलं, आणि मामा आउटलेटच्या फ्लँजचे, म्हणजे डक्ट जोडायच्या कडीचे बोल्ट एकेक करून सैल करायला लागले. १२ बोल्ट. ११ निघेपर्यंत काही नाही. शेवटचा बोल्ट बाहेर काढायला हातोडी मारावी लागली, इतका तो आवळून धरला होता, आणि तो निसटला तसा डक्टचा फ्लँज धाडकन बाजूला सरकला. मी पट्टी लावून मोजलं, ६ मिलिमीटर आडवा आणि ४ मिलिमीटर खाली. म्हणजे फॅब्रिकेटरनं माप चुकलेला डक्ट पहार घालून ओढून बोल्ट मारले होते आणि वरून त्या अख्ख्या डक्टचं वजन ब्लोअरच्या केसिंगवर लटकत होतं. केसिंग वाकडी ओढली गेली की बेअरिंगचं पेडेस्टल पण ओढलं जातं, मग मशीन थरथरणार नाही तर काय होणार.

तेवढ्यावर मामा थांबले नाहीत. मोटरच्या प्रत्येक पायावर डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल करून बघितला. तीन पाय जागेवर, चौथा ०.३ मिलिमीटर उचलला. म्हणजे तो पाय खाली टेकतच नव्हता, बोल्टनं दाबून बसवला होता. त्याच्याखाली पातळ पत्र्याची शिम घातली, परत गेज लावला, काटा हलला नाही.

मग डक्टला खालून दोन चॅनलचे सपोर्ट दिले, फ्लँज समोरासमोर आणला, आणि मध्ये रबरचा फ्लेक्सिबल बेलो, म्हणजे लवचिक जोड टाकला. आता मला राग कशाचा आहे ते सांगतो. हा बेलो कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होता, फ्लेक्सिबल कनेक्शन पार्टीच्या स्कोपमध्ये, म्हणजे ते आम्हीच आणायचं. ठीक आहे, मी वाचायला पाहिजे होतं, ती चूक माझी. पण त्या ३४ मुद्द्यांत पेंटचा शेड होता, नेमप्लेटचा फोटो होता, शिक्का कुठं मारायचा ते होतं, आणि बेलो बसवला का, डक्टला वेगळा सपोर्ट आहे का, हा प्रश्न एकदाही नव्हता. तीन वेळा फॉर्म परत आला, तीन वेळा कुणीतरी त्यातले फोटो बघितले, आउटलेटचा फोटो पण त्यात होता. एकानं जरी विचारलं असतं तर माझे १५ दिवस वाचले असते.

ट्रायलसाठी मी आधी मेल करून विचारून घेतलं की दुरुस्तीनंतर अर्धा तास मशीन चालवून बघू का, त्यांनी हो म्हणून लिहून दिलं. हे लेखी घ्याच, फोनवरचं कुणी ऐकत नाही नंतर. ओळखीच्या एका वर्कशॉपमधून व्हायब्रेशन मीटर मागून आणला. रीडिंग २.६. मामा काहीच बोलले नाहीत, फक्त हात पुसले. तो मीटरचा फोटो पाठवल्यावर मात्र तिकीट दोन दिवसांत हललं, इंजिनिअर परत आला, त्याला २.७ मिळालं, त्यानं सही केली. व्हिजिटचे पैसे घेतलेच. मी भांडलो, दिले शेवटी, कारण मला मशीन चालू पाहिजे होतं.

पहिल्यांदा पूर्ण लोडवर चालू केलं तेव्हा वडिलांनी नारळ फोडला, जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हटलं, आणि डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, पूर्ण बंद ठेवून स्टार-डेल्टा स्टार्टर दाबला. डॅम्पर बंद का, तर सेंट्रिफ्युगल ब्लोअरला जेवढी हवा जास्त तेवढा मोटरवर लोड जास्त. स्पीड पकडला की हळूहळू उघडायचा, एक डोळा अँपिअर मीटरवर. आमच्या मोटरचा फुल लोड २८ अँपिअर, डॅम्पर भट्टीला लागेल तेवढा उघडल्यावर २४ वर स्थिर झाला. पण हे रूट्स ब्लोअरला अजिबात करू नका, ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीला हवा द्यायला असतो तो. त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू केलात तर हवेला वाटच नसते, प्रेशर चढत जातं आणि काहीतरी फुटतं. त्याचा व्हॉल्व्ह उघडा पाहिजे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह चालू पाहिजे.

अजून एक राहिलं. फिरायची दिशा. इलेक्ट्रिशियननं केबल जोडून एक झटका देऊन बघितला होता, तोंडातून हवा आली, सगळे म्हणाले बरोबर आहे. मामांनी केसिंगवरचा बाण दाखवला, इम्पेलर उलटा फिरत होता. उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त खूपच कमी येते, म्हणून नुसता हात धरून बघू नका, बाण बघा. तीनपैकी दोन फेज अदलाबदल केल्या की झालं. आणि पावसाळ्यात मशीन पडून राहिलं असेल तर केबल जोडायच्या आधी मोटर मेगर करून घ्या, म्हणजे मीटरनं तिचं इन्शुलेशन तपासा, ओल धरलेली असते.

कुलपाबद्दल परत सांगतो कारण हे मी स्वतः बघितलंय. जुना ब्लोअर चालू असताना नव्याची मोटर बंद, स्विच बंद, तरी नव्याचा इम्पेलर आपोआप फिरत होता, कारण मधला डॅम्पर थोडा गळत होता आणि मेन लाइनची हवा उलटी येत होती. त्या दिवशी एक पोरगा बेल्ट हातानं ढकलून ताण बघायला गेला होता, गार्ड काढलेला. मामांनी त्याचा शर्ट धरून मागं ओढला. तेव्हापासून नियम केलाय, आयसोलेटरला (मेन स्विचला) कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, डॅम्पर बंद, आणि इम्पेलर लाकडी ठोकळा लावून अडवल्याशिवाय कुणी हात घालणार नाही. ठोकळ्याला लाल चिंधी बांधलीय, चालू करताना विसरायला नको. गार्ड बसल्याशिवाय चालू नाही. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या २१ व्या कलमात फिरत्या भागांना गार्ड सांगितलाच होता, पण इन्स्पेक्टर येणार म्हणून नको, त्या पोराचा हात आठवून लावा.

आणि कपोलावाल्यांनी हे तर वाचाच. हीट चालू असताना लाइट गेली किंवा ब्लोअर बंद केला की भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड ट्वियरमधून (हवा आत सोडणाऱ्या तोंडातून) उलटा विंड बॉक्समध्ये, म्हणजे भट्टीभोवतीच्या हवेच्या पेटीत, आणि डक्टमध्ये शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. तसाच ब्लोअर परत चालू केला की हवेत मिसळून डक्टमध्येच धडाका होतो. म्हणून ब्लोअर थांबला की त्याच क्षणी पीपहोल उघडायची, परत चालू करताना ती उघडी ठेवूनच चालू करायचं, डक्ट हवेनं साफ झाला की मग बंद करायची. आमच्याकडं प्रत्येक हीटला एक माणूस फक्त या कामाला नेमलेला असतो, लाइट गेली की तो हातातलं सगळं टाकून पीपहोलकडं पळतो. डक्टच्या आत उतरायचं असेल तर एकट्यानं नाही, आणि आधी हवा खेळू दिल्याशिवाय नाही.

देखभालीचं म्हणाल तर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी बेअरिंगचं टेंपरेचर वहीत लिहिलं, ५८ अंशावर जाऊन थांबलं. चढतच राहिलं असतं तर थांबवायचं. ग्रीस भरपूर कोंबायची सवय आपल्याकडं फार, प्लमर ब्लॉक (बेअरिंगचं घर) निम्म्याच्या वर भरला की बेअरिंग उलट तापतं. नवा बेल्ट पहिल्या एक-दोन दिवसांत ताणला जातो, परत आवळावा लागतो. अंगठ्यानं दाबून दर १०० मिलिमीटरला दीड मिलिमीटरच्या आसपास दबला पाहिजे, आमचं अंतर ८०० चं, म्हणजे १२-१३. एक बेल्ट तुटला तर सगळा सेट बदला, एकच नवा टाकला तर सगळा लोड त्याच्यावर येतो.

शेजारच्या एकानं सल्ला दिला की मोटरची पुली थोडी मोठी टाक, हवा वाढेल. टाकू नका. स्पीड १० टक्के वाढला की पॉवर ३३ टक्के जास्त लागते, आमचे २४ अँपिअर ३० च्या वर गेले असते आणि २८ ची मोटर जळाली असती.

परवा गोकुळ शिरगावच्या एका मित्राकडं त्याच सप्लायरचा ब्लोअर आलाय, त्यालाही तोच ३४ मुद्द्यांचा फॉर्म. मी मामांना घेऊन गेलो होतो. फॉर्म बाजूला ठेवला आणि आधी आउटलेटचे बोल्ट सैल करायला लावले.