किरीम्यूर: जे. एम. बॅरीच्या जन्मगावी

पीटर पॅन या कधीच मोठा न होणाऱ्या मुलाच्या ओढीने ब्रिटनला जाणारे बहुतेक जण लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला पुतळा बघून परततात. पुतळा देखणा आहे, पण त्याचं नाटक लिहिणारा जे. एम. बॅरी समजून घ्यायचा असेल तर आधी स्कॉटलंडमधलं किरीम्यूर गाठा, लंडन नंतर. बॅरीच्या नाटकांतलं जे काही मनात घर करून राहतं, त्याची मुळं या लाल दगडांच्या छोट्या गावात आहेत.

गावाला आता रेल्वे नाही. एडिंबरोहून डंडीला ट्रेन आणि तिथून फॉरफरमार्गे बस, हा सोपा रस्ता. ट्रेनमध्ये उजवीकडची खिडकी धरा. फोर्थचा पूल ओलांडल्यावर बराच वेळ समुद्र सोबतीला असतो. डंडीचा बसस्टँड सीगेटला आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी बसगाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ जातानाच बघून ठेवा.

बॅरीचं जन्मघर ब्रेचिन रोडवर, नऊ नंबरचं. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही वारसास्थळं जपणारी संस्था ते सांभाळते. ते हंगामी उघडं असतं आणि हंगामातही रोज नसतं, त्यामुळे ट्रस्टच्या संकेतस्थळावर वार आणि वेळ पाहिल्याशिवाय निघू नका. घर अगदी लहान आहे. वडील डेव्हिड बॅरी हातमागावर कापड विणायचे. खाली माग आणि वर संसार, हे चित्र इचलकरंजीच्या जुन्या घरांत वावरलेल्यांना लगेच कळेल. दहा मुलांतलं नववं अपत्य म्हणजे जेम्स, जन्म 9 मे 1860. तो जन्मला त्याच दिवशी घरात सहा नव्या खुर्च्या विकत आणल्या होत्या. आईवर लिहिलेल्या 'मार्गारेट ओगिल्व्ही' (1896) या पुस्तकाची सुरुवात तो याच खुर्च्यांपासून करतो. आईने त्यांच्यासाठी किती काटकसर केली असेल, हे त्या खोल्यांत उभं राहिल्यावर समजतं.

हे पुस्तक वाचूनच जा. इंटरनेटवर ते फुकट मिळतं आणि छोटंसं आहे. जेम्स सहा वर्षांचा असताना, 1867 च्या हिवाळ्यात, त्याचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर पडून गेला. दुसऱ्या दिवशी त्याला चौदावं लागणार होतं. आईचा तो सर्वांत लाडका. तिने अंथरूण धरलं. धाकटा जेम्स अंधाऱ्या खोलीत शिरला तेव्हा आईने विचारलं, "तूच का रे?" ती गेलेल्या मुलाला हाक मारत होती. पोराने उत्तर दिलं, "तो नाही गं, मीच आहे." पुढे आईला बरं वाटावं म्हणून तो भावाचे कपडे घालून, त्याच्यासारखी शीळ वाजवत तिच्यासमोर उभा राहिला. कधीच मोठा न होणारा मुलगा बॅरीच्या मनात का रुतून बसला, याची उत्तरं अभ्यासकांनी बरीच दिली आहेत. मला तरी या घटनेपलीकडे जावंसं वाटत नाही.

घराजवळचं कपडे धुण्याचं दगडी खोपटं अजिबात चुकवू नका. सात वर्षांच्या जेम्सने मित्राला घेऊन आपलं पहिलं नाटक इथे केलं. 'पीटर पॅन'मधल्या नेव्हरलँड या काल्पनिक बेटावरची मुलं वेंडी या मुलीसाठी जे घर बांधतात, ते मूळचं हेच, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. फरक काय तो एवढाच की याला धुराडं म्हणून वेंडीच्या भावाची, जॉनची, उंच टोपी कधी नव्हती! मुलं बरोबर असतील तर नाटकातला तो प्रवेश त्यांना आदल्या रात्री वाचून दाखवा.

बॅरीचा पुढचा प्रवास असा: एडिंबरो विद्यापीठातून 1882 मध्ये एम. ए., मग नॉटिंगहॅमच्या वृत्तपत्रात नोकरी, 1885 मध्ये लंडन. तिथे त्याला नाव मिळालं ते आईने सांगितलेल्या गावाकडच्या गोष्टींवर. 'ऑल्ड लिक्ट आयडिल्स' (1888) आणि 'अ विंडो इन थ्रम्स' (1889) यांतलं थ्रम्स म्हणजे हेच किरीम्यूर. मग रंगभूमीने त्याला ओढून घेतलं. बेटावर अडकल्यावर नोकरच मालक होतो ते 'द ॲडमिरेबल क्रायटन' (1902) आजही ताजं वाटतं. 'पीटर पॅन' 27 डिसेंबर 1904 ला लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात रंगमंचावर आलं. 'मेरी रोझ' (1920) मात्र एकट्याने, शांतपणे वाचायचं नाटक.

दुपारी टेकडीवर जा. चढ फार नाही, पण वारा बोचरा असतो. जून-जुलैतही जाकीट हवंच. वरच्या क्रिकेट पॅव्हेलियनमध्ये कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. पॅव्हेलियन आणि हे यंत्र, दोन्ही बॅरीने 1930 मध्ये गावाला भेट दिली. क्रिकेटचं त्याला वेड होतं, लेखक मित्रांचा संघही त्याने काढला होता. छतावरचा आरसा आणि भिंग बाहेरचा देखावा अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या टेबलावर उतरवतात, आणि शेतं, दऱ्या, चालती माणसं तिथे हलताना दिसतात. ऊन नसेल तर चित्र फिकं पडतं, म्हणून आभाळ निवळलं की घर बाजूला ठेवून आधी इथे या. हेही हंगामीच असतं.

बॅरीची कबरही गावाच्या दफनभूमीत, वरच्या अंगालाच आहे. 19 जून 1937 ला तो वारला. सर ही पदवी आणि ऑर्डर ऑफ मेरिट मिळालेल्या या लेखकाला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जागा मिळाली असती, पण त्याला आईवडिलांशेजारीच पुरायचं होतं. कबर साधी आहे. गेलात तर थोडा वेळ काढा, धावतपळत जाऊ नका.

शाकाहारी मंडळींनी फार काळजी करू नये. सूप, ब्रेड, भाजलेला बटाटा मिळतो, आणि इथला जिंजरब्रेड प्रसिद्धच आहे (अंडं चालत नसेल तर आधी विचारा). चौकात पीटर पॅनचा पुतळा आहे.

दक्षिण स्कॉटलंडमधल्या डमफ्रीजला जायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. शाळकरी बॅरी जिथे चाचे-चाचे खेळायचा, ते मोट ब्रे हाउस 2019 मध्ये बालसाहित्याचं केंद्र म्हणून उघडलं, पण 2024 मध्ये बंद पडलं.

लंडनमध्ये केन्सिंग्टनचा पुतळा सकाळी लवकर गाठा, नंतर फोटोवाल्यांची गर्दी होते. 1912 च्या मे महिन्यात तो रातोरात उभारला, मुलांना सकाळी जादू वाटावी म्हणून. तिथून बेजवॉटर रोडवरचं शंभर नंबरचं घर जवळच आहे. 'पीटर पॅन' त्याने तिथे राहत असताना लिहिलं. आत जाता येत नाही, फलक बाहेरूनच बघायचा. आणि परतताना 'पीटर पॅन' विकत घ्यायचंच असेल तर ग्रेट ऑरमंड स्ट्रीट हॉस्पिटलशी संलग्न आवृत्ती शोधा. या मुलांच्या रुग्णालयाला बॅरीने 1929 मध्ये नाटकाचे हक्क देऊन टाकले, आणि 1988 च्या कायद्यामुळे ब्रिटनमध्ये त्याचं मानधन त्यांना कायम मिळत राहतं.