क्राफ्ट कटरवर १/२४ गाडीचे पार्ट: कुठे जमतं, कुठे फसतं

सिल्हूट कॅमिओ किंवा क्रिकटसारखा क्राफ्ट कटर (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे पात्याने कापणारं घरगुती मशीन) घेतला की १/२४ म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या मापाच्या गाड्या बनवणाऱ्या मॉडेलवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: हे किती जाड प्लास्टिक कापतं? खरं सांगायचं तर फारसं कापत नाही. खोल रेघ मारून देतं, तुकडा हातानेच मोडून काढावा लागतो. एवढं मान्य केलं की निम्मी कटकट संपते.

गल्लीतल्या रेडियमवाल्याचा प्लॉटर आणि हे मशीन, दोघांचं तत्त्व एकच. पातं होल्डरमध्ये मोकळं फिरतं आणि ओढलं जात कापतं. पात्याचं टोक फिरण्याच्या अक्षापासून किंचित मागे असतं, त्यामुळे वळणावर ते आधी फिरतं आणि मग पुढे सरकतं. सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतं, पण चिवट स्टायरीनमध्ये (मॉडेलसाठी वापरतात त्या प्लास्टिक शीटमध्ये) पातं अडकतं आणि कोपरा गोल होतो. सॉफ्टवेअरमधलं ओव्हरकट हे सेटिंग चालू केलं तर रेघा कोपऱ्याच्या किंचित पुढे जातात आणि कोपरा सुटतो. ३ मिमीपेक्षा लहान तुकड्यांच्या नादी लागू नका, पात्याबरोबर तेच गोल फिरतात.

०.१३ मिमीची शीट आरपार कापली जाते. ०.२५ मिमीला कॅमिओ ३ वर पात्याची खोली ३, फोर्स (पात्याचा दाब) ३३, स्पीड १ आणि तीन पास (त्याच रेघेवरून तीनदा) इथून सुरुवात करा. रेघेवर हलकं वाकवलं की कट्कन सुटायला हवी. वाकून पांढरी पडली तर एक पास वाढवा. ०.५ मिमीला फक्त मार्किंग मिळतं, पुढचं काम हातातल्या कटरने. १ मिमी मशीनमध्ये घालूच नका. एकेक डिझाइनमध्ये आतली भोकं आधी आणि बाहेरची कड शेवटी, हा क्रम पाळा. चिकट मॅटवर स्टायरीन कागदासारखी धरत नाही, म्हणून चारही कडांना मास्किंग टेप लावा. शीट तिसऱ्या पासला पाव मिमी सरकली तरी तो पार्ट गेला.

रेघेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक वर उचललं जातं, कारण पातं प्लास्टिक काढत नाही, बाजूला सारतं. ही बर बोटाला लागते आणि रंगाखाली तर हमखास दिसते. ६०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून पार्ट त्यावर दोन-तीनदा गोल फिरवला की पुरे.

जाडी हवी असेल तर थर द्या. ब्रेक डिस्क घ्या. खरी ३०० मिमीची डिस्क १/२४ मध्ये १२.५ मिमी होते. ०.२५ च्या दोन चकत्या आणि मध्ये ०.५ ची ११.५ मिमीची चकती, म्हणजे एकूण जाडी १ मिमी. खऱ्या मापात ती २४ मिमी भरते, व्हेंटिलेटेड डिस्कला शोभेल अशी. मधली चकती लहान ठेवल्यामुळे कडेला खाच पडते आणि तिथे काळा वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) छान बसतो. ०.५ ची गोल चकती सरळ मोडत नाही. म्हणून डिझाइनमध्येच चकतीच्या कडेपासून बाहेर जाणाऱ्या आठ रेघा टाका, मग भोवतालचं प्लास्टिक फाकी-फाकीने निघतं. तिन्ही चकत्यांच्या मध्यभागी ड्रिलने २ मिमीचं भोक पाडून त्या २ मिमीच्या रॉडवर ओवा आणि पातळ सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब कडेला टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. जास्त झालं तर ०.२५ ची शीट विरघळून लाटांसारखी होते. डिस्कवरची बारीक भोकं मशीनकडून करून घेऊ नका, ०.३ चं ड्रिल आणि पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ) घ्या.

मापाचा घोळ मात्र सगळ्यांचा होतो. सिल्हूट स्टुडिओच्या फुकट आवृत्तीत एसव्हीजी प्रकारची ड्रॉइंग फाइल उघडत नाही, डीएक्सएफ प्रकारची उघडते. क्रिकटला एसव्हीजी चालतं, पण ७२ आणि ९६ डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके धरायचे याच्या) गोंधळात ड्रॉइंग मोठं होऊ शकतं. प्रत्येक फाइलमध्ये ५० मिमीचा एक चौकोन ठेवा. तो ६६.७ दिसला तर हाच घोळ आहे. शेवटी कागदावर कापून व्हर्नियरने मोजा.

माझ्या मते मशीनचे पैसे वसूल होतात ते काचांच्या मास्कवर, म्हणजे रंग मारताना काच झाकणाऱ्या चिकट तुकड्यांवर. काचेवर टेप लावा, कडेने पेन्सिल फिरवा, टेप उचलून मोजपट्टीशेजारी कागदावर चिकटवा आणि ३०० डीपीआयला स्कॅन करा. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कमीत कमी नोड (रेघेवरचे बिंदू) ठेवून आखा. जास्त नोड ठेवले की पातं थरथरत जातं. डावी काच आरशातली करून उजवीला वापरा, पण आधी लावून बघा, कारण सगळ्या किट सारख्या नसतात. तामियाच्या मास्किंग शीटला खोली १, फोर्स ५ ते ७ पुरतो. खालचा कागद कापला जाता कामा नये.

पुढची काच दोन्ही दिशांना वळलेली असेल तर सपाट मास्क तिच्यावर बसणार नाही, कडेला सुरकुती पडेलच. तिथे ३ मिमी रुंद पट्टीचा नुसता काठ कापा, कोपऱ्यात तोडून चार तुकड्यांत लावा आणि मधली जागा साध्या टेपने भरा. कड टूथपिकने दाबा, रंगाचा पहिला हात अगदी धुक्यासारखा मारा. रेडियमवाल्याकडचं उरलेलं व्हिनाइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका. ते कायम चिकटण्यासाठी असतं आणि पुढे डिंक काढत बसावं लागतं. घ्यायचंच तर ओराकल ६३१, ते काढता येण्यासारखं असतं, ६५१ नको.

भारतीय नंबरप्लेटचाही मोह होतो. ५०० × १२० मिमीची प्लेट १/२४ ला २०.८ × ५ मिमी होते, ती ०.१३ च्या शीटमधून सुबक निघते. पण ६५ मिमी उंचीच्या अक्षराची १० मिमी जाड रेघ इथे ०.४ मिमी उरते. इतकं बारीक व्हिनाइल वीडिंग करताना (नको असलेला भाग उचलून काढताना) चिमट्याला चिकटून अख्खं उचललं जातं. अक्षरं डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून चित्र सरकवून लावायच्या कागदावर) छापा, कापायचं काम फक्त प्लेटपुरतं ठेवा.